कोर्टात पैसे भरले, तरी सिबिलला नाव कसं?

राष्ट्रीय लोकअदालत जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘लोकअदालतीत तडजोड करून पैसे भरा. निवाडा थेट सिबिलला जातो, रेकॉर्ड आपोआप कोरं होतं. नाही झालं तर निवाड्याची प्रत पाठवा, नोंद काढावीच लागते. सात वर्षांनी तर काहीच उरत नाही.’ मी बँकेच्या वसुली खात्यात होतो. तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात टेबल टाकून अशा तडजोडी लिहून घेतल्या आहेत. म्हणून सांगतो, यातलं एकही वाक्य धड नाही.

निवाडा सिबिलला जात नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपीलही नाही. पण प्रत मिळते ती दोन्ही पक्षांना. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्या बँक कळवेल तेच छापतात. बँकेने कळवलंच नाही, तर पैसे भरूनही ‘दावा दाखल’ हा शेरा तसाच राहतो.

खरी मेख पुढेच आहे. एकाचं मोटारसायकलचं कर्ज होतं, येणं ८६,०००. ते ५०,०००ला मिटलं, गडी पेढे घेऊन आला. काही महिन्यांनी घरकर्ज नाकारलं गेलं तेव्हा रिपोर्टची प्रिंट टेबलावर आपटत म्हणाला, “साहेब, हे काय?” खात्यापुढे ‘सेटल्ड’, खाली निर्लेखित, म्हणजे बँकेने सोडून दिलेली, रक्कम ३६,०००. त्याला वाटलं बँकेने दगा दिला. पण ३६,००० सोडले होतेच की! ‘क्लोज्ड’ लागतं ते पूर्ण फेडल्यावर. निवाड्याची प्रत दाखवून इथे काय होणार? त्या प्रतीतच सवलतीचा आकडा लिहिलेला असतो. शेवटी त्याने उरलेले पैसे भरले, नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) घेतलं, मग खातं ‘क्लोज्ड’ झालं. हप्ता किती दिवस थकला ते दाखवणारे त्या त्या महिन्यावरचे आकडे मात्र गेले नाहीत.

नोंद चुकीची असेल, म्हणजे पै न् पै फेडूनही बाकी दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. बँक आणि ती नोंद दाखवणारी कंपनी, दोघांकडे तक्रार टाका. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३च्या परिपत्रकाप्रमाणे ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे याहून वेगळी किल्ली नसते.

सात वर्षांचं म्हणाल तर तो आकडा उलटा वाचला गेलाय. माहिती *किमान* सात वर्षं जपायची, असा नियम आहे.

आणखी एक, हे त्या मेसेजमध्ये नाही. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर हातोहात दिले असतील, तर ३० दिवसांत कोर्टात अर्ज करून तशी नोंद करून घ्या. नोंद नसलेला भरणा वसुलीच्या दरखास्तीत, म्हणजे हुकूमनामा अमलात आणायच्या अर्जात, धरला जात नाही.

टेबलावर आकडा ठरला की लगेच उठू नका. ‘भरणा झाल्यावर अमुक दिवसांत बाकी शून्य कळवून दाव्याचा शेरा काढला जाईल’ ही ओळ सहीच्या आधी लिहून घ्या. आमच्याकडे ती मागणारा वर्षाकाठी एखादाच भेटायचा, आणि मागितली की आम्ही मुकाट लिहून द्यायचो.