प्रवाळ मिठाच्या पाण्यात वाढत नाही हो!

सांगलीत माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे. 'प्रवाळ प्रोजेक्ट, मुलांसाठी उपयुक्त माहिती, जास्तीत जास्त पालकांना पाठवा' असा एक फॉरवर्ड फिरतोय, त्याच्या रंगीत प्रिंटा या आठवड्यात मी किती काढल्या त्याचा हिशोब नाही. दहा रुपये पान, मी कशाला वाचतोय. पण परवा बहिणीचा मिरजेहून फोन, दादा तुला पाठवलंय तेवढं प्रिंट काढून ठेव, पोरीला आठवीचा प्रोजेक्ट आहे. बघतो तर तेच. आणि संध्याकाळी भाची येऊन म्हणते, मामा, शोकेसमधला तुझा मालवणचा दगड दे ना, मिठाच्या पाण्यात ठेवायचाय, वाढतो म्हणे. तेव्हा कुठं सगळं वाचलं आणि डोकंच फिरलं.

मुद्दा एक, 'प्रवाळ म्हणजे समुद्रातलं झाड'. प्राणी आहे तो! पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १७२० च्या दशकात हे सांगितलं तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं, ठीक आहे, पण आता तीनशे वर्षं झाली की. पॉलिप नावाचे बारके बारके जीव असतात, ते अंगाखाली चुनखडीचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि ते उन्हावर अन्न तयार करून प्रवाळाला देतं हे खरंय, त्यामुळं झाड म्हणणाऱ्याला अर्धा मार्क. अर्धाच.

दोन, 'पृथ्वीचा निम्मा ऑक्सिजन प्रवाळ देतं'. समुद्रातलं तरंगतं सूक्ष्म प्लवक देतं ते, प्रवाळ बेटं समुद्रतळाच्या एक टक्कासुद्धा जागा व्यापत नाहीत. त्याऐवजी एवढ्याशा जागेत समुद्रातल्या जवळजवळ पाव जाती आसरा घेतात हे लिहा, सर खूश होतील. पाच, 'भारतात प्रवाळ फक्त लक्षद्वीपला'. मग अंदमान, मन्नारचं आखात, कच्छचं आखात आणि आपलं मालवण कुठं गेलं? सहावा मुद्दा, 'अंगठीतलं पोवळं याच प्रवाळाचं'. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, वेगळी जात, ते असली बेटं बांधतच नाही. पुढं.

तीन नंबरला जरा थांबावं लागतं, कारण त्यात थोडं खरं मिसळलंय. म्हणे 'ब्लीचिंग म्हणजे प्रवाळ स्वतःला धुऊन घेतं, २०२२ ला ऑस्ट्रेलियात रेकॉर्ड प्रवाळ निघालं, म्हणजे समुद्र तापतोय वगैरे थोतांड'. रेकॉर्ड निघालं होतं, मान्य. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचीच मोजणी आहे, ग्रेट बॅरियर रीफ या तिथल्या प्रवाळ बेटांच्या रांगेत उत्तर भागात ३६ टक्के आणि मध्य भागात ३३ टक्के जागा जिवंत प्रवाळानं झाकलेली, ३६ वर्षांत सगळ्यात जास्त. पण त्यातलं बरंचसं भराभर वाढणारं फांद्यांचं प्रवाळ होतं, जे उष्णतेला आणि वादळाला आधी बळी पडतं, हे त्याच लोकांनी सांगितलेलं. आणि त्याच संस्थेचा २०२५ चा रिपोर्ट का नाही जोडला? २०२४ च्या ब्लीचिंगनंतर दक्षिण भाग एका वर्षात ३८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आला. धुणं कसलं, पाणी तापलं की आतलं शेवाळ बिघडतं, प्रवाळ ते बाहेर टाकतं आणि पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसतो. लगेच मरत नाही, पण अन्न देणाराच गेलेला असतो.

आता चार नंबर, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय. 'मालवणला गेल्यावर प्रवाळाचा तुकडा आणा, मिठाच्या पाण्यात ठेवा, महिन्यात वाढ दिसेल, पूर्ण मार्क मिळतील'. अहो, समुद्राचं पाणी म्हणजे घरचं मीठ घातलेलं नळाचं पाणी आहे का? जिवंत तुकडा आणलात तर दोन दिवसात कुजून घरभर वास सुटेल, आणि मेलेला असेल तर तो शंभर वर्षं ठेवला तरी तेवढाच राहणार. गोळ्यासारखं प्रवाळ समुद्रातसुद्धा वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. वरून १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बेटं बांधणारं प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. आठवीच्या पोरांना हे करायला सांगताय!

माझ्या शोकेसमधला तुकडा कुठून आला? लग्नानंतर मालवणला गेलो तेव्हा किनाऱ्यावर एका पोराकडून हौसेनं घेतला, कायदाबियदा डोक्यातच नव्हता. म्हणजे मीही त्यातलाच. परवा भाचीला दुकानातलं भिंग दिलं आणि म्हटलं बघ. ज्वारीच्या दाण्याएवढे खळगे, आणि प्रत्येकात कडेकडून मधे जाणाऱ्या पातळ भिंती, संत्रं आडवं कापल्यावर दिसतं तसं. एकेका खळग्यात एकेक पॉलिप राहायचा म्हटल्यावर ती मोजायला बसली. एकशे चाळीसपर्यंत मोजले आणि मग म्हणाली, मामा, हे सगळे मेले?

प्रोजेक्टमधे तिनं ते खळगे पेन्सिलीनं काढलेत. तुकडा शाळेत न्यायचा नाही हे तिनंच ठरवलं. आणि मी आता तो फॉरवर्ड घेऊन कुणी आलं की आधी चौथ्या मुद्द्यावर लाल पेनानं काट मारतो, मग झेरॉक्स. प्रिंटचे दहा रुपये घेतो, काट मारायचे नाही.