कॉम्प्युटर स्लो झालाय? मग आधी काहीही डिलीट करू नका

‘कॉम्प्युटर स्लो झालाय? कुणाला बोलावू नका, पैसे घालवू नका. खालच्या युक्त्या करा, क्लिक करताच प्रोग्रॅम उघडतील.’ अशी सुरुवात असलेला मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, युक्त्या त्याच: टेम्प आणि प्रीफेच फोल्डर रिकामे करा, एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होतानाच्या सेटिंगच्या खिडकीत) प्रोसेसरची संख्या वाढवा, रॅम क्लीनर टाका, रजिस्ट्री साफ करा, डिफ्रॅग करा, व्हिज्युअल इफेक्ट बंद करा, स्टार्टअपचे प्रोग्रॅम कमी करा, रोज रात्री मशीन शटडाउन करा, आणि एवढ्यानं भागलं नाही तर फॉरमॅट मारा.

यातली एखादी युक्ती खरोखर कामाची आहे, काही निरुपद्रवी आहेत आणि काही चक्क मशीन मंदावणाऱ्या आहेत. पण माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. नेमकं अडतंय कुठे ते आधी बघा, असं एकही वाक्य या मजकुरात नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘प्रीफेच फोल्डरमध्ये कचरा साठतो, तो उडवा.’

सुरुवात यापासून, कारण ही युक्ती सरळ उलटी आहे. विंडोज एक्सपी आलं २००१ मध्ये, आणि तेव्हापासून विंडोज एक नोंदवही ठेवतं. प्रोग्रॅम उघडताना पहिल्या दहाएक सेकंदांत तो कोणत्या फाइली मागतो, त्यांतले कोणते भाग मागतो, हे टिपून ठेवलं जातं. प्रीफेच फोल्डरमधल्या त्या छोट्या पीएफ फाइली म्हणजे याच नोंदी. पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम उघडला की विंडोज नोंद बघून लागणारा सगळा माल आधीच डिस्कवरून ओढून आणतं. म्हणजे ज्या गोष्टीमुळे प्रोग्रॅम लवकर उघडतो, तीच कचरा म्हणून फेकून द्यायला सांगितलं जातंय. फोल्डर फुगत जाईल ही भीतीही फोल आहे. जुन्या विंडोजमध्ये १२८ आणि विंडोज ८ पासून १०२४ नोंदींची मर्यादा आहे, आणि जागा लागली की जुन्या नोंदी आपोआप जातात.

‘पण मी केलं आणि फरक पडला’ असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. फोल्डर रिकामा करून झाला की माणूस प्रोग्रॅम उघडून बघतो, बंद करतो, परत उघडतो. दुसऱ्या वेळी तो झटकन उघडतोच, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या फाइली रॅममध्ये, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीत, शिल्लक असतात. श्रेय मात्र मिळतं डिलीट बटणाला.

खरं तर निदानाची किल्ली इथेच आहे. मशीन रीस्टार्ट करा, सगळी धावपळ शांत होईपर्यंत काही मिनिटं थांबा, मग त्रास देणारा प्रोग्रॅम उघडा. किती वेळ लागला ते बघा, बंद करा आणि लगेच पुन्हा उघडा. पहिल्यांदा हळू आणि दुसऱ्यांदा चटकन उघडला, तर संशय डिस्कवर. दोन्ही वेळा सारखाच रखडला, तर डिस्क बहुधा निर्दोष आहे आणि दुखणं दुसरीकडे. या एका चाचणीनं मजकुरातल्या निम्म्या युक्त्या आपल्या मशीनपुरत्या बाद होतात.

‘टेम्प फाइली उडवल्या की वेग वाढतो.’

टेम्प म्हणजे प्रोग्रॅमनी तात्पुरत्या बनवलेल्या फाइली. त्या उडवल्या की जागा वाढते. वेग वाढतो तो डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल तरच. अर्धी डिस्क मोकळी असताना टेम्प साफ करून प्रोग्रॅम लवकर उघडायचं काही कारण नाही. केलंत तर नुकसानही नाही, फक्त काही इन्स्टॉल होत असताना करू नका.

‘एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसर १ वर असतो, तो ४ किंवा ८ करा.’

बरोबर येणारा स्क्रीनशॉट पटतो, म्हणूनच हा दावा टिकून आहे. एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबवर जा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स दाबा. डावीकडे वर ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ असं लिहिलेलं दिसतं, शेजारचा चौकोन रिकामा आणि खाली करड्या रंगात १ हा आकडा. पाहणाऱ्याला वाटतं, अरे, म्हणजे आजवर एकाच प्रोसेसरवर चाललं होतं! तसं नाही. चौकोनात टिक नाही याचा अर्थ काही बंधन नाही, विंडोज असतील तेवढे सगळे प्रोसेसर वापरतं. ही सोय आहे ती संख्या कमी करून बघण्यासाठी, म्हणजे आपला प्रोग्रॅम कमी ताकदीच्या मशीनवर कसा चालतो हे तपासणाऱ्यांसाठी. टिक करून तुम्ही सर्वांत मोठा आकडा निवडलात तर जे होतं तेच राहिलं. चुकून लहान आकडा निवडलात तर स्वतःच्या हातानं मशीन पांगळं केलंत.

त्याच खिडकीत ‘मॅक्झिमम मेमरी’ आहे, आणि तिच्याबद्दलही हाच गैरसमज. तिथे चुकीचा आकडा पडला तर विंडोजला तेवढीच रॅम वापरायला मिळते. टास्क मॅनेजरच्या (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून उघडणाऱ्या खिडकीच्या) मेमरी पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’समोर एक-दोन जीबी किंवा त्याहून जास्त दिसत असेल, तर कुणीतरी ही युक्ती करून गेलंय का हे आधी तपासा. दोन्ही टिक काढायच्या आणि रीस्टार्ट करायचं.

‘रॅम क्लीनर टाका, रॅम मोकळी ठेवा.’

मोकळ्या रॅमचं एवढं कौतुक का असतं कळत नाही. वर दुसऱ्या वेळी प्रोग्रॅम झटकन उघडला तो रॅममध्ये उरलेल्या फाइलींमुळेच. विंडोज रिकामी रॅम मुद्दाम अशा फाइलींनी भरून ठेवतं आणि कुणाला गरज पडली की तत्क्षणी सोडून देतं. क्लीनर काय करतो, तर चालू प्रोग्रॅमना त्यांच्या ताब्यातली रॅम सोडायला लावतो. त्याचा आकडा छान वर चढतो, आणि तुम्ही त्या प्रोग्रॅमकडे परत गेलात की तोच माल पुन्हा गोळा करावा लागतो, कधीकधी थेट डिस्कवरून. शिवाय क्लीनर स्वतः दिवसभर मागे चालू असतो तो वेगळाच.

रॅम खरोखर कमी आहे का, हे कळायला क्लीनर लागत नाही. नेहमीचं काम चालू असताना मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे अडकलेली आणि त्याच वेळी डिस्कही सतत धावतेय, असं दिसलं तर रॅम कमी पडतेय. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरमध्ये डझनभर टॅब उघडले की हे चित्र हमखास दिसतं, आणि तिथे रॅम वाढवण्याचा उपयोग होतो. १६ जीबी असून निम्मी रिकामी असेल तर आणखी रॅम टाकून काहीही हलणार नाही.

‘रजिस्ट्रीत शेकडो एरर असतात, त्या साफ करा.’

क्लीनरनं दाखवलेला शेकड्यांचा आकडा घाबरवण्यासाठी असतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगची नोंदवही. तिच्यातून प्रोग्रॅम आपल्याला हवी ती नोंद नावानिशी मागतो. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या उरलेल्या नोंदी त्याच्या वाटेत येत नाहीत. अशी क्लीनर वापरायला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. मिळवायचं जवळपास शून्य, आणि चुकून कामाची नोंद गेली तर प्रोग्रॅम उघडायचाच बंद. या मुद्द्यावर याहून जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

‘दर आठवड्याला डिफ्रॅग करा.’

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक जुन्या मशीनचं खरं दुखणं याच्या आसपास असतं.

हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. ती मिनिटाला ५४०० फेरे मारत असेल तर एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी टोक योग्य जागी सरकायला हवं, त्याचे आणखी काही मिलिसेकंद. धरून चला की इकडेतिकडे पडलेला प्रत्येक तुकडा पंधराएक मिलिसेकंद खातो, म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर तुकडे. एखादा प्रोग्रॅम उघडताना असे हजार तुकडे लागले तर पंधरा सेकंद तिथेच गेले. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही. तिथे एका तुकड्याला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो आणि तोच हजारांचा हिशेब एका सेकंदाच्या आत मिटतो.

डिफ्रॅगनं एका फाइलचे विखुरलेले तुकडे सलग होतात, त्यामुळे हार्ड डिस्कवर थोडा फायदा असतो हे मान्य. पण तबकडी वेगानं फिरू लागत नाही, आणि हे काम विंडोज व्हिस्टापासून आठवड्याच्या वेळापत्रकानुसार आपोआप होतंच. एसएसडीवर डिफ्रॅगचा उपयोग शून्य, उलट लिहिण्याची झीज फुकटची. आजचं विंडोज एसएसडी ओळखतं आणि तिथे डिफ्रॅगऐवजी मुख्यतः ट्रिम नावाचं वेगळं काम करतं, म्हणजे कोणत्या जागा आता रिकाम्या आहेत ते एसएसडीला कळवतं. त्यामुळे घोटाळा होतो तो बाहेरून आणलेलं एखादं जुनं डिफ्रॅग सॉफ्टवेअर चालवल्यावर.

आपल्याकडे काय आहे ते बघायला मशीन उघडावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा आणि डिस्कवर क्लिक करा. नव्या विंडोजमध्ये डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं. ही खिडकी उघडी ठेवूनच तो मंद प्रोग्रॅम उघडा. आलेख १०० टक्क्यांना चिकटला आणि प्रोसेसर मात्र निवांत असला, तर गुन्हेगार सापडला. प्रकार एचडीडी असेल तर विंडोज एसएसडीवर हलवणं हा एकच उपाय असा आहे की ज्याचा फरक घरातल्या कुणालाही न सांगता जाणवतो. अगदी महागडी, सर्वांत वेगवान एसएसडीच हवी असंही नाही. साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडीसुद्धा हार्ड डिस्कच्या तुलनेत कितीतरी पुढे असते.

‘व्हिज्युअल इफेक्ट बंद करा.’ करा हवं तर. खिडक्या उघडताना होणारी हालचाल थांबते, म्हणून मशीन चपळ वाटतं. डिस्कवरून फाइली यायला लागणारा वेळ तेवढाच राहतो.

‘स्टार्टअपचे प्रोग्रॅम कमी करा.’

ही मात्र योग्य सूचना. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये प्रत्येकासमोर लो, मीडियम, हाय असा परिणाम लिहिलेला असतो. हाय असलेले आणि रोज न लागणारे डिसेबल करा. अँटिव्हायरसच्या आणि टचपॅड, आवाज यांच्या ड्रायव्हरच्या (ते भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) नोंदींना हात लावू नका. फक्त अपेक्षा माफक ठेवा: याचा मुख्य फायदा लॉगिननंतरच्या पहिल्या काही मिनिटांत दिसतो. दुपारी तीन वाजताही एक्सेल तितकंच रखडत असेल तर कारण दुसरं आहे.

ते दुसरं कारण काय असू शकतं याबद्दल मजकुरात चकार शब्द नाही. दुसऱ्यांदा उघडतानाही तितकाच वेळ लागतो, डिस्क शांत आहे, अशा वेळी मी या क्रमानं बघतो. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहारा देतायत का, कारण उघडणारी प्रत्येक फाइल मग दोनदा तपासली जाते. त्यानंतर प्रोसेसरचा वेग. टास्क मॅनेजरमध्ये बेस स्पीड २.४ गिगाहर्ट्झ आणि काम चालू असतानाही प्रत्यक्ष वेग ०.८ च्या आसपास अडकलेला दिसला, तर बहुधा पंख्यातली धूळ किंवा पॉवर सेव्हर मोड, यांपैकी एक. आणि वर्ड-एक्सेलच रखडत असतील तर डिफॉल्ट प्रिंटर बघा. नेटवर्कवरचा आणि सध्या बंद असलेला प्रिंटर डिफॉल्ट असेल तर हे प्रोग्रॅम त्याच्या उत्तराची वाट बघत बसतात. कंट्रोल की दाबून ठेवून एक्सेल उघडलं की ते सेफ मोडमध्ये उघडायचं का असं विचारतं. तसं झटकन उघडलं तर एखादं ॲड-इन, म्हणजे एक्सेलला जोडलेला जादा छोटा प्रोग्रॅम, आडवं येतंय.

‘रोज रात्री शटडाउन करा, मशीन ताजंतवानं राहतं.’

विंडोज ७ पर्यंत हे खरं होतं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असलं की शटडाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच उचलली जाते. रोज रात्री इमानेइतबारे मशीन बंद करणाऱ्यानं टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ बघावा. तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. अडकलेला ड्रायव्हर किंवा मागे चालणारी सर्व्हिस खरोखर नव्यानं सुरू करायची असेल तर रीस्टार्ट करा. त्यात हा आडमार्ग वापरला जात नाही.

‘काहीच चाललं नाही तर फॉरमॅट मारा.’

या युक्तीची मला खरी धास्ती वाटते. मशीन अचानक मंद होण्याचं एक कारण डिस्क मरायला टेकलेली असणं हे आहे. खराब झालेला भाग ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि प्रोग्रॅम तोवर ताटकळतो. अशा डिस्कवर फॉरमॅट म्हणजे डेटाही गेला आणि दुखणंही तसंच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची नोंद दाखवणाऱ्या खिडकीत) सिस्टिमच्या नोंदींत ‘डिस्क’ या नावानं ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी परत परत येत असतील, किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ची (नीट वाचता न आलेल्या भागांची) रॉ व्हॅल्यू शून्य नसेल, तर डिफ्रॅग, क्लीनर, फॉरमॅट सगळं बाजूला ठेवा. बाहेरची डिस्क जोडा आणि फोटो, कागदपत्रं, हिशेब आधी उचला. कॉपी एखाद्या फोल्डरवर अडली तर तिथे झगडत बसू नका. तो वगळून पुढचं घ्या आणि बाकी सगळं सुखरूप आल्यावर शेवटी त्याच्याकडे वळा.