‘चाळा’ म्हणणाऱ्या अनामिकांना

१२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी संख्येवर गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर ‘अनामिक’ यांची प्रतिक्रिया आली आहे. रात्री दीड वाजता. म्हणणं असं, की विभाजक मी ४४ लिहिले ते चूक; बाकीचे गुणधर्म दशमान पद्धतीपुरतेच, पाया बदलला (दहाऐवजी आठ किंवा बाराच्या पटीत संख्या लिहिल्या) की गायब; आणि शेवटी, ‘हे गणित नव्हे, रिटायर्ड माणसाचा अंकांशी चाळा आहे.’

विभाजकांचं मान्य. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. म्हणून विभाजक ५ × ३ × ३ = ४५. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते, त्यामुळे ४४ लिहिताना माझं मलाच खटकायला हवं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

पण चाळा? आणि रिटायर्ड कशावरून? माझी अजून दोन वर्षं नोकरी आहे.

अहो, ज्यांनी असल्या (नुसत्या एक्क्यांच्या वर्गातून येणाऱ्या) संख्यांना ‘डेम्लो’ नाव दिलं ते द. रा. कापरेकर आमच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. ६१७४ ची करामत (सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येतं) त्यांनी १९४९ मध्ये मांडली. त्यांनाही इथल्या विद्वानांनी हसण्यावारीच नेलं. मग १९७५ मध्ये तिकडे अमेरिकेत गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे इकडे माना डोलल्या.

मी देवळाली कॅम्पातला. १९८१ साली, सहावीत असताना, नाशिकरोडच्या बसचं तिकीट हातात पडलं की नंबरातल्या अंकांची बेरीज करायची आणि तिने नंबराला भागायचं. निःशेष भाग गेला की ती ‘हर्षद’ संख्या (हे नावही कापरेकरांचंच), तिकीट कंपासपेटीत. नाही गेला तर खिडकीबाहेर. वहीच्या मागच्या पानावरचे असले भागाकार पाहून एका सरांनी ते पान टरकावलं होतं. त्यांचा शब्द होता ‘चाळे’. तुम्ही एकवचनात लिहिलंत, एवढाच फरक.

आता कागद घ्या. मोबाइल नको, तो शेवटचे अंक गिळतो. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागा. १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. झाली की नाही हर्षद?

दशमानाचं म्हणाल तर माणसाला बोटं दहा, त्याला मी काय करू? सलग २१ हर्षद संख्या कधीच सापडणार नाहीत, हे कूपर आणि केनेडी या गणितज्ञांनी १९९३ मध्ये याच दशमानात सिद्ध केलंय. सिद्ध. त्यांनाही कळवा, चाळा म्हणून.

आणि पुढच्या वेळी नाव लिहा. अनामिकाला ‘अहो’ म्हणावं की ‘अरे’, तेच कळत नाही.