मेडिकलवाल्यांची खरेदी सोसायटी म्हणजे लुटारूंची टोळी? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेले काही दिवस जत, कवठेमहांकाळ, मिरज इकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो बऱ्याच जणांनी पाठवला, काहींनी खाली "हे खरंय का हो?" असंही विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं की तालुक्यातले छोटे मेडिकलवाले एकत्र येऊन सहकारी खरेदी संस्था काढतायत ती भाव चढे ठेवायला, ॲपवर २० टक्के सूट मिळते म्हणजे इतकी वर्षं हे तेवढे पैसे खिशात घालत होते, एकत्र घेतलेला माल हलका असणार, आणि सहकार म्हटलं की शेवटी पुढाऱ्यांचं कुरण, तेव्हा यांच्याकडून औषध घेणंच बंद करा. मी जत तालुक्यात मेडिकल चालवतो आणि त्या संस्थेच्या बैठकांना मी असतो, हे आधीच सांगून टाकतो.

आधी सवलतीचा मुद्दा घेतो, कारण लोकांना तोच पटलाय. कंपनीचा माल दुकानदाराला ज्या भावाने पडतो त्याला आम्ही पीटीआर म्हणतो. अत्यावश्यक यादीतल्या औषधांवर २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने दुकानदाराचं मार्जिन पीटीआरच्या १६ टक्के धरलंय. आता हिशोब बघा. पीटीआर १०० रुपये, त्यावर १६ म्हणजे ११६, त्यावर ५ टक्के जीएसटी, एमआरपी झाली १२१ रुपये ८० पैसे. दुकानदाराला तीच स्ट्रिप जीएसटीसकट १०५ ला पडलेली असते. त्यावर २० टक्के सूट दिली तर गिऱ्हाइकाकडून ९७ रुपये ४४ पैसे येणार, म्हणजे घरातले साडेसात रुपये घालून विकायचं. यादीबाहेरच्या औषधांवर रिवाजाने दुकानदाराला साधारण २० टक्के आणि स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक विक्रेत्याला, १० टक्के सुटतात, पण त्यातूनच गाळ्याचं भाडं, फार्मासिस्टचा पगार, लाइट बिल, इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचा फ्रिज आणि लाइट गेली की इन्व्हर्टर हे सगळं भागवायचं असतं, वर एक्सपायरीचा माल परत घ्यायला स्टॉकिस्टने महिनोन्‌महिने लावले तर ते पैसेही अडकतात. मग ॲपवाल्यांना कसं परवडतं? मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनी गुंतवणूकदारांच्या पैशावर वर्षानुवर्षं तोटा सोसलाय हे त्यांच्याच ताळेबंदात दिसतं, आणि दुसरं म्हणजे त्या आमच्यापेक्षा स्वस्तात घेतात. यातलं पहिलं आमच्या हातात नाही. दुसऱ्यासाठीच तर ही संस्था आहे.

स्वस्तात घेणं म्हणजे काय ते एका स्ट्रिपवर दाखवतो. बऱ्याच औषधांवर स्कीम असते, समजा १० वर १. म्हणजे दहा स्ट्रिपचे पैसे द्या, अकरा घ्या, मालाचा भाव आपोआप ९ टक्क्यांनी उतरला. आता माझ्यासारख्याला गावात एखादी थायरॉइडची नाहीतर फिटची गोळी महिन्याला दोन-तीन स्ट्रिप लागते. दहा घेऊन ठेवल्या तर पैसे गुंतले, आणि डॉक्टरांनी ब्रँड बदलला की उरलेल्या शेल्फवर एक्सपायर. म्हणून मी दोनच घेतो आणि मला स्कीम मिळत नाही, शहरातल्या चेनला मिळते, ॲपच्या गोडाऊनला तर त्याहून मोठी मिळते. तेच पाच दुकानांनी दोन-दोन स्ट्रिपची मागणी एकत्र नोंदवली की दहा झाल्या आणि अकरावी आली. ती अकरावी पाच जणांत वाटायची म्हणजे प्रत्येकाच्या बिलात भाव तेवढा उतरायचा. एवढंच आहे ते. गावातली विकास सोसायटी सभासदांसाठी खत एकदम उचलते तेव्हा तिला कुणी टोळी म्हणत नाही.

आता मेसेजमधलं जे खरं आहे ते खरंच म्हणायला पाहिजे. काही जेनेरिक औषधांवर छापलेली एमआरपी आणि दुकानदाराची खरेदी यात फार मोठं अंतर असतं, दहा-बाराला घेतलेली स्ट्रिप छापील भावाने सत्तर-ऐंशीला जाते असे प्रकार होतात, आणि त्याला लूट म्हटलं तर मी भांडायला येणार नाही. यादीबाहेरच्या औषधाची पहिली किंमत कंपनी स्वतः ठरवते, सरकार फक्त वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू देत नाही, त्यामुळे सुरुवातच चढी झाली की पुढे सगळंच चढं. २०१९ मध्ये सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांवर एकूण व्यापारी मार्जिन ३० टक्क्यांवर बांधलं तेव्हा त्यांच्या किमती धाडकन खाली आल्या, म्हणजे मनात आणलं तर करता येतं. पण ही एमआरपी छापतं कोण? कंपनी. संस्थेच्या नियमांच्या मसुद्यात मी आग्रहाने एक कलम घालायला लावलंय की असं जेनेरिक संस्थेमार्फत आलं तर खरेदीभाव सगळ्या सभासदांना दिसेल आणि गिऱ्हाइकाला किमान किती सवलत द्यायची याची शिफारस त्याच्या बरोबर जाईल. शिफारसच, सक्ती नाही. ते का, ते पुढे येतंय.

"स्वस्त पर्याय असताना मुद्दाम महाग देतात" हे एक वाक्यही त्या मेसेजमध्ये आहे. औषध नियमांतला ६५ (११ अ) हा नियम सांगतो की चिठ्ठीवर शेड्यूल एच, एच१ किंवा एक्समधलं (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं) औषध असेल तर दुकानदाराने त्याच्या जागी दुसरं काही द्यायचं नाही, अगदी तोच घटक असला तरी. डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं की माझे हात बांधलेले. स्वस्त हवं असेल तर डॉक्टरांना सांगा की घटकाचं नाव लिहा, आम्ही आनंदाने देतो. जनऔषधी केंद्र जवळ असेल तर खुशाल तिथून घ्या, मी स्वतः कित्येकांना तिकडे पाठवलंय.

टोळीचा आरोप मी गांभीर्याने घेतो, कारण त्याला इतिहास आहे. नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर केमिस्ट संघटनेची एनओसी आणा, अशी अट देशभर लादली जायची, ती झुगारली की कंपनीच्या मालावर बहिष्कार. कॉम्पिटिशन कमिशनने २०१३ मध्ये देशपातळीवरच्या एआयओसीडी संघटनेला यासाठी दंड केला आणि ते बरोबरच झालं. माल अडवणं म्हणजे पेशंट अडवणं. पण माल अडवणं आणि माल मिळून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि २००२ चा स्पर्धा कायदासुद्धा त्या वेगळ्याच धरतो. कलम ३ मध्ये संगनमताने भाव ठरवायला आणि पुरवठा रोखायला बंदी आहे, तिथेच पुढे असंही आहे की संयुक्त उपक्रमामुळे मालाची खरेदी, साठवण, वितरण यातली कार्यक्षमता वाढत असेल तर त्याला हे लागू नाही. म्हणूनच मसुद्यात विक्रीचा भाव ठरवणारं एकही कलम नाही आणि सवलतीची फक्त शिफारस आहे. कुणी सभासद पाच टक्के सोडो, कुणी दहा, संस्था विचारणार नाही. एखाद्याला संस्थेबाहेरून स्वस्त मिळालं तर त्याने तिथून घ्यावं. वरून एमआरपी ही कमाल मर्यादा आहेच, तिच्यावर एक रुपया घेतला तरी गुन्हा. वर जायला वाटच नाही तिथे भाव चढे ठेवणार कसे? स्वस्तात घेतलेल्या मालाचा काही भाग गिऱ्हाइकाला द्यायचा आणि बाकीच्यात दुकान टिकवायचं, एवढंच त्यातून साधतं.

दर्जाचं पटकन सांगतो. संस्थेला घाऊक विक्रीची २०बी आणि २१बी ही लायसन्स एफडीएकडून, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून, घ्यावीच लागणार, माल कंपनीच्याच डेपोतून येणार, बिलावर बॅच नंबर असणार. ज्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झालाय ते तर तुम्ही मोबाइलवर स्वतः तपासू शकता. ऑक्टोबर २०२५ मध्ये खोकल्याच्या कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-१३ बॅचबद्दल आपल्या एफडीएने इशारा दिला, त्या दिवशी आम्ही प्रत्येकाने आपापली बिलं एकेक करून चाळली. संस्थेकडे एकच नोंद असेल तर कुठल्या दुकानात कुठली बॅच गेली हे लगेच कळेल. दर्जा घसरतो कुठे यात?

मग ॲप आहेच की, दुकानं बंद पडली तर काय बिघडलं, असंही मेसेज म्हणतो. यावर मला जास्त बोलावंसं वाटतं. जतच्या पूर्व भागातल्या एक आजी काउंटरवर कॅरिबॅग उलटी करतात, त्यात जतच्या डॉक्टरांची बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० आणि मिरजेच्या डॉक्टरांची टेल्मिसार्टन ४०, नावं वेगळी, डबे वेगळे, आतली गोळी तीच, आणि आजी दोन्ही घेतायत, उठलं की गरगरतंय म्हणून सांगतायत. मी दोन्ही डॉक्टरांना फोन लावला, एक बंद करायला सांगितली ती बाजूला काढली, आणि आजींना कन्नडमध्ये सांगितलं, "दिनक्के ओंदु, ऊट आद मेले." दिवसाला एक, जेवणानंतर. नातवाने मोबाइलवरून दोन्ही ऑर्डर केल्या असत्या तर त्या दोन्ही वेळेवर घरी पोचल्या असत्या. ऑनलाइन विक्रीचे नियम म्हणाल तर मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये निघाला तो आजवर मसुदाच आहे, माझ्या दुकानात मात्र एच१ चं रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं आणि इन्स्पेक्टर आले की पहिलं तेच मागतात. घरपोच सेवेला माझा विरोध नाही, नियम सगळ्यांना सारखे लावा एवढंच आहे.

आणि २०१९ चा ऑगस्ट विसरू नका. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ फुटांवर गेली, सांगलीच्या पेठा पाण्यात, आणि आमचा सगळा माल येतो सांगलीहून. इकडे जतमध्ये पावसाचा पत्ता नव्हता, टँकर चालू होते, आणि तरी औषधांची गाडी बंद. तेव्हा इन्सुलिन कुणाकडे आहे, छातीत दुखल्यावर लागणारी सॉर्बिट्रेट कुणाकडे आहे याची यादी आम्ही दुकानदारांनी फोनवरच चालवली आणि पेशंट ज्याच्याकडे माल आहे त्याच्याकडे पाठवले. संस्थेचं तालुक्यात स्वतःचं गोडाऊन असतं तर ही धावपळ अर्ध्यावर आली असती.

कुरणाचा मुद्दा. या जिल्ह्यात पतसंस्थांत, बँकांत लोकांच्या ठेवी अडकल्या, त्यामुळे सहकार शब्द ऐकूनच लोक दचकतात हे मला समजतं. पण वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखानाही याच जिल्ह्यातला, नागनाथअण्णा नायकवडींनी उसाला दर कसा द्यायचा ते तिथे करून दाखवलं. आमची संस्था ठेवी घेणारच नाही. १९६० च्या सहकार कायद्याने प्रत्येक सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, नफ्यातला पाव हिस्सा राखीव निधीला जातो, ऑडिट दरवर्षी. आणि सभासद फक्त किरकोळ विक्रीचं लायसन्स असलेला, म्हणजे ज्याला दुकान नाही त्या पुढाऱ्याला शिरायला जागाच नाही. उधारीचीही मर्यादा ठेवलीय, कारण खरेदी संस्था बुडतात त्या बहुतेक थकबाकीने. स्पेनमध्ये कोफारेस १९४४ पासून आणि जर्मनीत नोवेडा १९३९ पासून चालू आहे, दोन्ही फार्मासिस्टांच्याच मालकीच्या आहेत आणि आज त्या देशांतल्या मोठ्या औषध वितरकांत मोडतात.

राहिलं ते "ही दबाव आणायला काढलेली संघटना आहे" हे. हो, आवाज उठवणं हे संस्थेचं काम असणारच, त्यात लपवायचं काय? अमेरिकेत विम्याच्या औषधांचं बिल ठरवणाऱ्या मधल्या कंपन्यांपैकी तीनच कंपन्या साधारण ८० टक्के प्रिस्क्रिप्शन हाताळतात. छोट्या फार्मसींना त्या खरेदीपेक्षाही कमी पैसे द्यायच्या, त्याविरुद्ध अर्कान्सा राज्याने कायदा केला आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो एकमताने टिकवला. एकेकटा दुकानदार असा कायदा घडवून आणूच शकला नसता. आपल्याकडचं ताजं बघा. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ वर आला, चांगलंच झालं, पेशंटचे पैसे वाचले. पण शेल्फवरचा माल १२ ने घेतलेला आणि विकायचा नव्या कमी भावाने. जो कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत आहे, त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, तो फरक त्याच्याच अंगावर पडतो. कंपनीकडून फरकाची क्रेडिट नोट मिळवायची तर मोठ्या चेनचा माणूस फोन उचलून बोलतो, मी स्टॉकिस्टच्या सेल्समनला विचारतो आणि तो म्हणतो वरून काही आलं नाही. तिथे पन्नास-साठ दुकानांचं एक पत्र गेलं तर निदान उत्तर तरी येतं.

मसुदा माझ्या काउंटरवर ठेवलाय, मराठीत आहे, कुणीही येऊन वाचा, गिऱ्हाइकांसाठी सूचनांचं पान मागे कोरं सोडलंय. एनपीपीएचं, म्हणजे औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, फार्मा सही दाम हे ॲप मोबाइलवर घ्या आणि तुमच्याकडच्या स्ट्रिपचा भाव त्यात बघा, माझ्याकडची असो नाहीतर दुसऱ्या कुणाकडची. छापील भावापेक्षा कुणी जास्त घेतले असतील तर बिल घेऊन एफडीएकडे जा, सोबत लागली तर मी येतो. आणि तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांना एकच विनंती, हेही त्याच ग्रुपांवर टाका.