रजेवरच्या शिक्षकाचा वर्ग कोणी घ्यायचा?

शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर कंत्राटी शिक्षकांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास लिहितं, ‘अमेरिकेत बघा, तिकडे रोजावर शिक्षक घेतात. तिथल्या शाळा बंद पडल्या का?’ मी ऑरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते आणि इथल्या सरकारी शाळांमध्ये नेमकं हेच काम करते. रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी त्या दिवसापुरतं शिकवायला जाते. म्हणजे हे उदाहरण माझ्या रोजच्या कामाचंच आहे. त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र मला अजिबात मान्य नाही.

आधी इथली पद्धत सांगते. शिक्षक आजारी पडला, त्याचं मूल तापलं किंवा प्रशिक्षण लागलं की तो ऑनलाइन रजा टाकतो. ती सूचना आमच्यासारख्यांच्या फोनवर येते, बऱ्याचदा पहाटे, अंधार असतानाच. मी ‘घेते’ म्हटलं की तो वर्ग त्या दिवसापुरता माझा. शाळेत पोचल्यावर टेबलावर एक फाइल असते. कोण कुठे बसतं, शेंगदाण्याची ऍलर्जी कोणाला आहे, बसने कोण जातं आणि कोणाला आजी न्यायला येते, गणिताचं कुठलं पान झालंय, आगीची घंटा वाजली तर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, सगळं लिहिलेलं. कुठला मुलगा चिडला की त्याला दोन मिनिटं एकटं सोडायचं, हेसुद्धा. शिक्षक कधीतरी गैरहजर राहणारच हे धरूनच शाळा चालते. त्यासाठी वेगळी माणसं, वेगळा परवाना आणि वेगळे पैसे ठेवलेले असतात.

पैशांचं तर कायद्यातच लिहिलंय. ऑरेगनमध्ये बदली शिक्षकाचा (म्हणजे रजेवरच्याच्या जागी जाणाऱ्याचा) किमान रोज, म्हणजे एका दिवसाचा मोबदला, राज्यातल्या नवख्या शिक्षकाच्या सरासरी पगारावरून ठरतो. त्या वार्षिक पगाराचा १९० वा भाग काढायचा आणि त्याच्या ८५ टक्के द्यायचे, त्याहून कमी देता येत नाही. आज तो दिवसाला दोनशे डॉलरच्या वर जातो. एकाच वर्गावर सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम केलं की अकराव्या दिवसापासून दर वाढतो. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. तात्पुरता माणूस जितका जास्त काळ वापराल, तितका तो कायम माणसाइतकाच महाग पडला पाहिजे. तो स्वस्त पडला की कायम माणूस नेमायची घाई कोणालाच राहत नाही.

इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. आमच्यातल्या बहुतेकांना आरोग्य विमा मिळत नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत एक पैसा येत नाही, आणि कित्येक वर्गांत दिवसभर मुलांना फक्त सांभाळलं जातं, शिकवणं होत नाही. करोनानंतर तर फार वाईट दिवस आले. २०२१ च्या शरद ऋतूत शाळा पूर्णवेळ उघडल्या तेव्हा ऑरेगनमध्ये परवानाधारक बदली शिक्षकांची संख्या साथीच्या आधीच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आली होती. मग राज्याने आणीबाणीचा परवाना काढला. पदवीची अट काढून टाकली. वय १८ पूर्ण, चारित्र्य पडताळणी आणि एखाद्या शाळा-जिल्ह्याने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने) ‘आम्हाला हा उमेदवार हवाय’ असं लिहून देणं, एवढं पुरे झालं. २०२२ च्या जानेवारीत न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी नॅशनल गार्ड या राखीव दलाच्या सैनिकांना वर्गावर जाण्याचं आवाहन केलं आणि स्वतःही एका बालवर्गावर जाऊन शिकवलं. ओक्लाहोमात सरकारी कर्मचाऱ्यांना वर्ग घ्यायची मुभा दिली. कॅलिफोर्नियात बदली शिक्षकाला एका वर्गावर ३० दिवसच राहता येत असे. ती मर्यादा ६० वर नेली, आणि ठरलेली मुदत संपत आल्यावर कायदा करून मुदतही वाढवली. सवलत एकदा दिली की ती परत घेणं इथल्या सरकारांनाही जड जातं.

तरी यातल्या दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे प्रत्येक सवलतीला शेवटची तारीख होती. ती पुढे ढकलायची तर पुन्हा उघडपणे चर्चा करावी लागली. दुसरी जास्त महत्त्वाची. अट खाली आणली ती माणसंच मिळत नव्हती म्हणून.

आता आपल्याकडे बघू. ७ जुलै २०२३ ला महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला की जिल्हा परिषद शाळांमधल्या रिक्त जागांवर, ‘पवित्र’ या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून नियमित भरती होईपर्यंत, निवृत्त शिक्षक घ्यायचे. मानधन महिना २०,००० रुपये, वयाची मर्यादा ७०. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक निर्णय आला. कमी पटाच्या शाळांमध्ये दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, डीएड-बीएड झालेला बेरोजगार, मानधन १५,००० रुपये. पटाची अट आधी २० होती, ओरड झाल्यावर १० वर आली आणि काही महिन्यांत तो निर्णयच मागे घेतला गेला.

या काळात महाराष्ट्रात माणसांची टंचाई होती का? २०२३ च्या सुरुवातीला झालेल्या शिक्षक अभियोग्यता चाचणीला, म्हणजे भरतीसाठीच्या परीक्षेला, दोन लाखांहून जास्त उमेदवार बसले होते. ही सगळी डीएड, बीएड केलेली, टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) अभ्यास करून डोळे शिणवलेली, तिशी गाठलेली मुलं-मुली. त्यांच्यासाठी पुढे जाहिरात निघाली ती साधारण २१ हजार जागांची. आधीची चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली होती. मधल्या पाच वर्षांत शिक्षक निवृत्त होत राहिले, जागा रिकाम्या होत राहिल्या. ऑरेगनमध्ये वर्ग रिकामे पडले कारण यायला कोणी नव्हतं. आपल्याकडे रिकामे पडले कारण दारात उभ्या असलेल्यांना आत घेतलं नाही. ग्रुपवर अमेरिकेचं उदाहरण देणारे नेमका हाच फरक सोडून देतात.

आकडे जरा शेजारी ठेवून बघा. २०२३ मध्येच शिक्षण सेवकांचं, म्हणजे पहिल्या तीन वर्षांतल्या नव्या शिक्षकांचं, मानधन वाढवून प्राथमिकसाठी १६,००० केलं गेलं. त्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ ते ६,००० होतं. म्हणजे परीक्षा देऊन, गुणवत्ता यादीत येऊन, घरापासून तीनशे किलोमीटरवर रुजू झालेल्या नव्या शिक्षकाला तीन वर्षं महिना १६,००० आणि पेन्शन चालू असलेल्या निवृत्त गुरुजींना २०,०००. निवृत्त शिक्षकांबद्दल मला पूर्ण आदर आहे, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. पण नव्या माणसाला या व्यवसायात ओढून आणायचं असेल, तर असा हिशेब त्याच्या तोंडावर फेकू नये. आणि ज्या पदाचा मूळ पगार २९,२०० पासून सुरू होतो, त्याच पदावर १५ हजारांत माणूस मिळतोय हे एकदा दिसलं की पुढची भरती कोण आणि कशाला लवकर काढेल?

माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. आपल्याकडच्या भांडणात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एक रिक्त पद, दुसरी रजा. रिक्त पद भरायला तात्पुरता माणूस नको, त्यासाठी भरती हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ मध्ये स्पष्ट आहे की सरकारी शाळेत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या असता कामा नयेत. द्विशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी म्हणजे निम्मी शाळा रिकामी. तिथे तात्पुरत्याची भाषाच चुकीची आहे. पण रजेच्या काळात वर्ग कोणी घ्यायचा, याबद्दल आपल्याकडे जवळजवळ काहीच सोय नाही, आणि त्यावर कोणी मोर्चाही काढत नाही.

माझी वहिनी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षिका. गेल्या वर्षी तिच्या सोबतच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. हक्काची रजा, १८० दिवस. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावरचे अधिकारी, म्हणाले, ‘कामगिरीवर कोणाला देता येतंय का बघतो.’ शेजारच्या शाळेतले एक सर काही दिवस आले, मग त्यांच्याच शाळेतल्या मुख्याध्यापकांना प्रशिक्षण लागलं आणि ते परत गेले. वहिनीने चारही वर्ग एका खोलीत घेतले. दोन भिंतींना दोन फळे. पहिली-दुसरीला अक्षरं गिरवायला लावायची आणि तेवढ्यात तिसरी-चौथीचा भागाकार. मधेच पोषण आहाराची रोजची नोंद मोबाइलवर भरायची, त्यासाठी रेंज मिळते त्या पाण्याच्या टाकीजवळ जायचं. ती गेली की चौथीतली थोरली मुलगी पहिलीच्या पोरांना पाढे म्हणायला लावते. त्या मुलीचं चौथीचं वर्ष असंच गेलं. शेवटी गावाने वर्गणी काढून वाडीतल्याच एका बारावी झालेल्या मुलीला बसवलं. तिच्या हाती महिन्याला किती पडले हे लिहायची मला लाज वाटते. आणि हे गाव गरीब आहे.

वहिनीला मी विचारलं, ‘वर कळवलं नाहीस?’ ती म्हणाली, ‘वन्सं, कळवलं. त्यांच्याकडे तरी माणूस कुठंय द्यायला?’ तिचं बरोबर आहे. मागच्या भांडणात कंत्राटी हवेत की नकोत यावर इतकं बोललं गेलं, पण या सहा महिन्यांसाठी तिथे अधिकृतपणे कोण उभं राहणार, याचं उत्तर कोणत्याच बाजूने दिलं नाही.

मला वाटतं, प्रत्येक तालुक्यात, शक्यतो केंद्रनिहाय, अशा शिक्षकांची यादी हवी. टीईटी उत्तीर्ण, डीएड-बीएड झालेले, चारित्र्य पडताळणी झालेले. रजा मंजूर झाली की त्याच आदेशात बदली शिक्षकाचं नाव. रोज ठरवायचा तो नियमित शिक्षकाच्या सुरुवातीच्या पगारावरून, मानधनाच्या मर्जीवरून नाही. एका वर्गावर किती दिवस राहायचं याची मर्यादा, आणि ती ओलांडली की ते पद भरतीसाठी आपोआप जाहीर. निवृत्त गुरुजींनीही या यादीत जरूर यावं, महिना-दोन महिन्यांच्या रजेसाठी त्यांच्याइतका तयार माणूस नाही. ही नेमणूक ठेकेदारामार्फत मात्र कधीच नको. आदिवासी विभागाने आश्रमशाळांत बाह्यस्रोतातून शिक्षक घ्यायचं ठरवलं, तेव्हा वर्षानुवर्षं रोजंदारीवर आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी माणसं २०२५ मध्ये नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसली. ज्यांना दहा-दहा वर्षं तात्पुरते म्हणून वापरलं, त्यांनी कायम करा म्हटलं तर त्यात गैर काय?

यावर अधिकाऱ्यांची भीती मला माहीत आहे. आज यादीत घेतलेला माणूस उद्या न्यायालयात जाऊन कायम करा म्हणेल. दिवसांची मर्यादा खरोखर पाळली तर तो प्रश्न येत नाही. मर्यादा मोडायची, एक दिवसाचा खंड दाखवायचा आणि पुन्हा नवा आदेश काढायचा, हे केलं की येतो, आणि तेव्हा तो यायलाच हवा. दुसरी हरकत पैशांची. रजेवरच्या शिक्षिकेचा पगार चालूच असतो, वर बदलीचा रोज द्यायचा म्हणजे दुप्पट खर्च. हो, खर्च आहे. आज तो खर्च वाडीवरची माणसं वर्गणीतून आणि चौथीतली मुलगी आपल्या वर्षातून करते आहे.

आणि हे आता तातडीचं झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात, सेवेची पाचांहून अधिक वर्षं उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. त्या मुदतीपाठोपाठ किती जागा मोकळ्या होतील हे प्रत्येक जिल्ह्याने आधीच काढून ठेवायला हवं. त्यात २०२७ ची जनगणना. घरयादीपासून प्रत्यक्ष गणनेपर्यंत दारोदार फिरणार आहेत ते मुख्यतः शिक्षकच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणासाठी शिक्षकाला वर्गाबाहेर न्यायची परवानगी देतं. मग जनगणनेच्या त्या आदेशालाच बदली शिक्षकांची यादी आणि त्यांच्या रोजाची तरतूद जोडा, आणि वहिनीच्या शाळेसारख्या द्विशिक्षकी शाळांपासून सुरुवात करा.