क्विक-चेंज कोलेट बसवला म्हणून बिटाची हाईट सेट होत नाही

राऊटर टेबलाचा (लाकूड कोरणारं राऊटर मशीन खालून उलटं टांगलेल्या टेबलाचा) विषय निघाला की सुतारकामाच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास येतो: मूळ कोलेट (बिट, म्हणजे कापणारं हत्यार, धरणारी चिरांची नळी) काढा आणि क्विक-चेंज, म्हणजे झटपट बिट बदलता येणारा, बसवा. एका अ‍ॅलन कीने बिट बदलतं, तळाला टेकवलं की हाईट दर वेळी आपोआप तीच येते, तोंड वर आल्यामुळे जास्तीची उंचीही मिळते आणि कुठलाही शँक (बिटाचा दांडा) चालतो. मग लिफ्टवर (राऊटर वर-खाली करून बिटाची हाईट लावणाऱ्या यंत्रणेवर) पैसे कशाला घालायचे? यातला पहिला मुद्दा खरा आहे. बाकीचे त्याच्या पाठीवर बसून आलेत, म्हणून एकेक उतरवून पाहू.

«एका किल्लीने बिट बदलतं.» हो, बदलतं. टेबलाखाली वाकून एका हाताने स्पिंडल (मोटरचा फिरणारा दांडा) धरायचं आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवायचा, हा ताप वाचतो. फक्त घेण्याआधी आपल्या राऊटरच्या स्पिंडलचे आटे कोणते ते पाहा. हे क्विक-चेंज चक (बिट धरणारे साचे) मूळ कोलेट आणि नट काढून त्यांच्या जागी बसतात आणि प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे असतात. दुसरं असं, की पुष्कळांना मूळ कोलेटच 'जाम' वाटतो, कारण नट अर्धा फेरा सैल होऊन पुन्हा घट्ट लागतो. तो बिघाड नसतो. बऱ्याच कोलेटांत नट दुसऱ्यांदा घट्ट लागतो तेव्हा कोलेटला निमुळत्या खोबणीतून वर ओढत असतो. तो जोर ओलांडून फिरवलं की बिट हाताने निघतं. ट्रायटनच्या टीआरए००१ सारख्या राऊटरमध्ये मोटर पूर्ण वर घेतली की कोलेट टेबलावर येतो, स्पिंडल आपोआप लॉक होतं आणि एकच पाना पुरतो. असा राऊटर असेल तर क्विक-चेंजचा फायदा जवळपास संपतोच.

«बिट तळाला टेकवलं की हाईट तीच.» दोन बिटांचे शँक एकाच तळावर टेकले तरी त्यांची पाती सारख्या लांबीची नसतात. २५ मिमी पात्याचं सरळ बिट काढून ३२ मिमीचं घातलं, तर शँक सारखेच असूनही टोक ७ मिमी वर येईल. त्याच मापाचं दुसऱ्या कंपनीचं बिट घेतलं तरी एकूण लांबीत फरक पडतो. धार लावून आणलेल्या बिटाचा व्यास घटतो आणि टोकाला धार लावली असेल तर लांबीही. मापाचा तळ तोच राहतो आणि ज्याने लाकूड कापलं जातं ते टोक सरकतं.

दाव्यात तथ्य आहे ते एकाच ठिकाणी. दाराच्या चौकटीच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांसाठी जोडीने बनवलेली काही बिटं अशी असतात, की दोन्ही एकाच तळावर टेकवली तर हाईट जुळते. पण त्या जोडीला क्विक-चेंज लागतच नाही. साध्या कोलेटच्या तळाशी रबरी ओ-रिंग टाकली तरी तेच काम होतं.

ओ-रिंगचं कारण नीट समजून घ्या, कारण सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग हाच 'तळाला टेकवा' आहे. नट आवळताना साधा कोलेट खोबणीत खाली सरकतो आणि बिटाला सोबत घेऊन जातो. बिट आधीच तळाला टेकलं असेल तर त्याला खाली जायला जागा नसते. कोलेट शँकवरून घसरत आवळला जातो, हाताला घट्ट लागतो, पण पकड अर्धवट राहते. म्हणून बिट तळाला टेकवून २ ते ३ मिमी वर उचला, म्हणजे सुताच्या भाषेत जेमतेम एक सूत (इंचाचा आठवा भाग), आणि मग आवळा. ओ-रिंग असली तर ती दबते आणि ही जागा आपोआप राहते. वरच्या बाजूलाही लक्ष हवं. शँक जिथे पात्याला मिळतो तिथे किंचित गोलाई असते. कोलेट त्या गोलाईवर आवळला गेला तर पकड फक्त वरच्या कडेलाच बसते.

पकड सुटतेय हे मशीन स्वतः सांगतं. पट्टीत लांब खाच मारा आणि दोन्ही टोकांना व्हर्निअरच्या दांडीने खोली मोजा. शेवटची खोली जास्त निघाली तर बिट चालता चालता कोलेटमधून वर सरकतंय. टेबलात बिट वर सरकलं म्हणजे काप खोल गेला. अपकट स्पायरल बिटाला ही खोड जास्त, कारण भुसा राऊटरकडे ओढताना ते स्वतःला लाकडाकडे ओढतं. अशा वेळी बिट काढून शँक पाहा. त्यावर तपकिरी डाग किंवा गोल ओरखडे असतील तर तो कोलेटमध्ये फिरला आहे. शँकवरचं गंजरोधक तेल थिनरने पुसा आणि कोलेटच्या चिरांमधला भुसा बारीक ब्रशने काढा. तरीही घसरत असेल तर कोलेट बदला. नट आणखी जोर लावून आवळल्याने झिजलेला कोलेट नवा होत नाही.

«जास्तीची उंची मिळते.» मिळते, पण वाढलेल्या लोंबकळीच्या किमतीवर. टेकूपासून बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराने तोच दांडा आठपट वाकतो. शिवाय स्पिंडल आणि बिट यांच्यामध्ये एक जोड वाढतो आणि त्या जोडाची थरथर टोकाला मोठी होऊन दिसते. उंच चक वापरायचाच असेल तर फक्त टेबलावर वापरा, हातात धरलेल्या राऊटरला लावू नका. त्यात अर्ध्या इंचाचाच शँक घाला. पाव इंचाच्या दांड्यापेक्षा तो सोळापट ताठ असतो. काप कमी घ्या. ६३ मिमीपेक्षा मोठं पॅनेलचं बिट असेल तर वेग १२,००० फेऱ्यांच्या वर नेऊ नका. शँक अर्धाच धरून वर ओढून उंची मिळवण्याचा 'जुगाड' तर करूच नये. काही बिटांच्या शँकवर 'के' अशी खूण असते. ती कोलेटच्या आत गेलीच पाहिजे.

«मग लिफ्ट कशाला?» बिट बदलणं हे मिनिटभराचं काम. वेळ जातो तो शेवटच्या पाव मिलिमीटरवर, आणि तिथे चक काहीच मदत करत नाही. दोन फळ्या जोडायच्या ग्लू-जॉइंट बिटाचं उदाहरण घ्या. यात एक फळी चांगली बाजू वर ठेवून कापतात आणि दुसरी खाली ठेवून. बिटाचा मध्य फळीच्या जाडीच्या मध्यावरून ०.२ मिमी हलला की जोडाला ०.४ मिमी पायरी येते, चूक दुप्पट होते. त्याच जाडीच्या दोन टाकाऊ तुकड्यांवर काप मारा, जोडून बघा आणि पायरी मोजून तिच्या निम्म्याने बिट हलवा. चांगली बाजू वर ठेवून कापलेला तुकडा खाली बसला तर बिट उंच आहे. तो वर राहिला तर बिट खाली आहे.

हा ०.२ मिमी आणणार कशाने? एम१० च्या आट्याच्या रॉडवर घरी बनवलेली लिफ्टसुद्धा एका फेऱ्यात १.५ मिमी चढते, म्हणजे ०.२ साठी जेमतेम ४८ अंश. एम६ चा रॉड असेल तर फेऱ्याला १ मिमी, हिशेब आणखी सोपा. खाली आणायचं असेल तर थोडं जास्त खाली जाऊन पुन्हा वर या, म्हणजे आट्यांतली ढिलाई नेहमी एकाच बाजूला राहते. प्लंज राऊटर (ज्याची मोटर स्प्रिंगांवर वर-खाली होते तो) उलटा टांगलेला असेल तर त्याच्या स्प्रिंगा मोटरला खाली ढकलतात आणि चढवताना जोर पडतो. तो राऊटर टेबलाखालीच राहणार असेल तर स्प्रिंगा काढून ठेवा. लॉकचा लिव्हर आवळल्यावर मोटर किंचित हलते, म्हणून माप लॉक केल्यानंतर घ्या. बिट हाताने फिरवून पातं सगळ्यात वर आणा आणि तिथेच मोजा. हे सगळं प्लग काढून करायचं. ६ मिमी राउंड-ओव्हर (कड गोल करणारं बिट) मारल्यावर कडेला नखाला पायरी लागते ती बहुतेक वेळा ०.३ मिमीची चढलेली हाईट असते. ती एम१० च्या रॉडवर फेऱ्याच्या पाचव्या भागाने जाते.

«कुठलाही शँक चालतो.» मुळीच नाही, आणि आपल्याकडे ही चूक महागात पडते, कारण दुकानात ६ आणि ६.३५, तसेच १२ आणि १२.७ मिमी असे दोन्ही शँक शेजारी शेजारी टांगलेले असतात. कोलेट फार थोडा मिटतो. १२.७ च्या कोलेटमध्ये १२ चा शँक घातला तर मधली ०.७ मिमी फट आवळून भरत नाही. एखाद्या कडेवर तो धरल्यासारखा वाटतो आणि १८,००० फेऱ्यांवर सुटतो. चक क्विक-चेंज असला तरी त्याचं भोक एकाच मापाचं असतं. रिड्यूसर (भोक लहान करणारी मधली नळी) घालता येतो, पण तो आणखी एक जोड झाला. बिट घेताना डब्यावरच्या आकड्यावर न जाता व्हर्निअरने शँक मोजा: १२.० आला तर १२ मिमीचा कोलेट, १२.७ आला तर अर्ध्या इंचाचा.