आधारच्या यादीत ऊसतोड मजूर कुठं सापडतो?

सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ‘आधार आहे, रेशनकार्ड आहे, मतदारयादी आहे. मग २०२७ च्या जनगणनेवर ११,७१८ कोटी कशाला उधळायचे? माहिती शेवटी इन्कम टॅक्सलाच जाणार. आणि जात तर २०११ लाच मोजून झालीय.’

आधार ही नोंदणी आहे, मोजणी नव्हे. नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो, ठसे, बुबुळं. शिक्षण, कामधंदा, स्थलांतर यांना त्यात रकानाच नाही. माणूस गेला तरी नंबर आपोआप बंद होत नाही. म्हणून तर २०२५ मध्ये दोन कोटींहून जास्त मृतांचे नंबर बंद करावे लागले. मतदारयादीत अठराच्या आतली पोरं नाहीत. रेशनचा दाखला तर अंगावर उलटतो : अन्नसुरक्षा कायद्यातला राज्याचा सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवरच बेतलेला आहे. नवी जनगणना नाही, म्हणून तो तिथंच अडकून बसलाय.

खरी मेख पत्त्यात आहे. फेब्रुवारीत गळीत हंगाम जोरात असतो. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या वाळवा-कराडच्या फडात, आधार मात्र त्यांच्या गावचं. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पांगलेले, पाटण-जावळीचे माथाडी मुंबईत. जनगणनेचा नियम असा : गणनेच्या काळात (२०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी) जो आपल्या राहत्या घरी थोडाफार जरी होता, त्याची नोंद तिथं, जो सगळा काळ बाहेर, त्याची जिथं सापडेल तिथं. बेघरांची मोजणी २८ च्या रात्री. मग १ ते ५ मार्च फेरतपासणी, मधल्या जन्ममृत्यूंसाठी.

चुकतं कुठं, तर घरयादी, म्हणजे घरांची नोंद, आदल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये होते आणि तेव्हा मजुरांच्या कोप्या (झोपड्या) उभ्याच नसतात. प्रगणक, म्हणजे मोजणी करणारा कर्मचारी, नुसती ती यादी हातात धरून निघाला, तर अख्खी टोळी सुटते. आपल्या गटाची हद्द त्यानं फेब्रुवारीत पुन्हा पायी फिरायला हवी, तीही दिवस मावळल्यावर, कारण दिवसा सगळे फडात. टोळीच्या मुकादमाला आकडा विचारून भागत नाही. त्याच्या हिशेबात कोयते (तोडणी करणारे मजूर) असतात, कोपीतली लेकरं नसतात. दुसरीकडं गलाईवाल्याचे आईवडील ‘पोरगा आमचाच की’ म्हणून त्याचं नाव गावात सांगतात आणि तो कोईमतुरातही मोजला जातो. अशा घरी ‘फेब्रुवारीत इथं होता का?’ एवढा एक प्रश्न नेटानं विचारला तरी पुष्कळ घोळ टळतो.

खर्चाचं म्हणाल तर डोई साधारण ८० रुपये, तेही २०११ नंतर थेट २०२७ ला. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाटीला ३० हजार आणि डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक, असा आहे. पाटण खोऱ्यासाठी तो हिशेब सोळा वर्षं जुन्या आकड्यावर किती काळ करायचा?

इन्कम टॅक्सची भीती फुकाची. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ नुसार तुमचा फॉर्म कुणाला पाहायला मिळत नाही आणि पुरावा म्हणूनही चालत नाही. घरयादीतल्या ३३ प्रश्नांत छप्पर, पाणी, शौचालय, वाहन आहे. घरात मुख्य धान्य कुठलं खाता, हेही आहे. उत्पन्न विचारलेलं नाही.

‘जात मोजून झालीय’ यात अर्धंच खरं आहे. २०११ ची ती सामाजिक-आर्थिक पाहणी जनगणना कायद्याखाली नव्हती, आणि तिचे जातनिहाय आकडे कधी जाहीरच झाले नाहीत. २०२१ मध्ये केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की महाराष्ट्राच्या याद्यांत ४९४ जाती असताना पाहणीत ४,२८,६७७ निघाल्या. सांगेल तसं टाइप केलं की आडनाव, कुळी, पोटजात, पदवी, सगळं ‘जात’ होतं. ऱ्हस्व-दीर्घ बदललं तरी नवी जात.   आता २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे, तेव्हा प्रगणक दारात आल्यावर ‘पाटील’ किंवा ‘देशमुख’ सांगून मोकळं होऊ नका, जातीच्या दाखल्यावर जे शब्द आहेत तेच सांगा आणि त्यानं काय भरलं ते वाचून दाखवायला लावा.